पासबुकात न दिसणारा पैसा

२७ नोव्हेंबर २०२० रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी, सिडनीत भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामना सुरू झाला. कोविडच्या टाळेबंदीनंतर भारतीय संघाचा हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना, त्यामुळे घरात बसून कंटाळलेला सगळा देश टीव्हीसमोर होता. नवदीप सैनी सहावे षटक टाकायच्या तयारीत असताना दोघे जण मैदानात घुसले. त्यांतला एक पार खेळपट्टीजवळ पोचला. त्याच्या हातातल्या फलकावर कोहलीचे नाव नव्हते, फिंचचेही नव्हते. होते ते स्टेट बँक ऑफ इंडियाचे. अदानींना एक अब्ज डॉलरचे कर्ज नको, असा मजकूर होता. सुरक्षारक्षकांनी दोघांना बाहेर नेले, सैनीने षटक टाकले, भारत सामना ६६ धावांनी हरला आणि आपल्याकडे चर्चा झाली ती गोलंदाजीची.

प्रकरण असे होते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात, गॅलिली खोऱ्यात, अदानी समूहाची कारमायकेल नावाची कोळसा खाण. पंतप्रधानांच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात, नोव्हेंबर २०१४ मध्ये, स्टेट बँकेने या प्रकल्पाला एक अब्ज डॉलरपर्यंत कर्ज देण्याचा सामंजस्य करार केला. पुढे पर्यावरणाच्या मुद्द्यावरून जगातल्या अनेक मोठ्या बँकांनी या खाणीकडे पाठ फिरवली. २०२० च्या अखेरीस स्टेट बँक सुमारे ५,००० कोटी रुपयांचे कर्ज देण्याच्या विचारात आहे अशा बातम्या आल्या. तेव्हा अमुंडी या फ्रेंच गुंतवणूक कंपनीने जाहीर केले, की असे कर्ज दिले तर आमच्याकडचे स्टेट बँकेचे हरित रोखे आम्ही विकून टाकू. ही अमुंडी कोणी परकी नव्हे, एसबीआय म्युच्युअल फंडातली भागीदार.

म्हणजे परभणीच्या निवृत्त मास्तरांच्या पैशाचे काय करावे यावर पॅरिसची कंपनी आणि सिडनीतला एक तरुण तावातावाने बोलत होते. परभणीच्या शाखेत मात्र बोलणे ‘पासबुकाचा प्रिंटर बंद आहे, उद्या या’ याच्या पुढे गेलेले नव्हते.

आपण बँकेत ठेवलेल्या शंभर रुपयांचा थोडा भाग रोख राखीव म्हणून रिझर्व्ह बँकेकडे जातो. अठरा रुपये प्रामुख्याने सरकारी रोख्यांत ठेवावे लागतात. उरलेल्यातला मोठा वाटा कर्ज म्हणून बाहेर पडतो. कोणाच्या हातात पडतो, हे पासबुक सांगत नाही आणि आपण विचारत नाही. व्याजदर विचारतो, लॉकर विचारतो, अॅप चालते का विचारतो. माझ्या पैशावर कोण कारखाना काढतो, कोण डोंगर फोडतो, कोण बुडवून परदेशी जातो, हा प्रश्न खातेदाराचा असू शकतो हेच आपल्या डोक्यात नसते.

*

आपण बँक निवडतो असे म्हणणेही थोडे धाडसाचेच. पहिले खाते पगार जमा होतो तिथे, म्हणजे ऑफिसने निवडलेले. दुसरे घराजवळ, लॉकर मिळाला म्हणून. तिसरे आपल्या माणसांच्या बँकेत. या तिसऱ्याबद्दल जास्त बोलायला हवे, कारण बँकेच्या चारित्र्याविषयीचा महाराष्ट्रातला सगळा अंदाज या आपलेपणावर बेतलेला असतो. गावची बँक, ज्ञातीची बँक, शिक्षकांची बँक, आमदारसाहेबांची बँक. काउंटरवरची मुलगी मराठीत बोलते, मॅनेजर नावाने हाक मारतो, एफडीवर अर्धा-पाऊण टक्का जास्त मिळतो. एवढ्यावर बँक सज्जन ठरते. आपला तो बाब्या, हा नियम माणसांइतकाच बँकांनाही लागू पडतो.

याला इतिहास आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते पेटवली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड फुटले. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. पुण्यात १९०६ साली कॉसमॉस उभी राहिली. १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या प्रयत्नांनी मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तीच आजची राज्य सहकारी बँक. १९१८ साली सारस्वत आली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे यांनी पुण्यात १९३५ साली बँक ऑफ महाराष्ट्रची मुहूर्तमेढ रोवली, तीही इथल्या छोट्या उद्योजकाला पत मिळावी म्हणून. मोठ्या बँकांची दारे ज्यांना बंद होती त्यांनी उघडलेली ही दारे. तारण म्हणून दाखवायला काही नसलेल्या कारकुनाला किंवा विणकराला शेजाऱ्याच्या शब्दावर कर्ज मिळे, कारण त्याच्या घरी काय शिजते, तो पिणारा आहे की नाही, हे संचालकाला ठाऊक असे. ओळख हेच तारण होते. आजच्या भाषेत ज्याला नैतिक बँकिंग म्हणतात त्यातला निम्मा भाग आपल्या आजोबा-पणजोबांनी कोणताही गाजावाजा न करता केला.

अडचण अशी, की शाखा शंभरावर गेल्या तरी ओळखीवरचा विश्वास तसाच राहिला, ओळख मात्र राहिली नाही. संचालक आपल्याला ओळखत नाही, आपण त्याच्या कर्जदारांना ओळखत नाही. उरतात भिंतीवरचे संस्थापकांचे तैलचित्र आणि दिवाळीचे शुभेच्छापत्र.

*

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, १९८४ साली सायनला एका छोट्या शाखेतून सुरू झाली. २०१९ पर्यंत तिच्या १३७ शाखा आणि साडेअकरा हजार कोटींहून जास्त ठेवी होत्या. छोटे दुकानदार, गृहनिर्माण संस्था, गुरुद्वारे, पेन्शनर अशी तिची माणसे. खुद्द रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांच्या पतसंस्थेचाही पैसा तिथे होता, यावरून साधा खातेदार किती निर्धास्त असेल ते समजावे.

२४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी खातेदारांच्या मोबाईलवर संदेश आला. पुढच्या सहा महिन्यांत एका खात्यातून जास्तीत जास्त १,००० रुपये. त्या दिवशी शाखांसमोर जी गर्दी झाली तीत मुलांची फी भरायला निघालेले होते, रुग्णालयाचे बिल हातात घेऊन आलेले होते आणि घर विकून आलेली रक्कम आदल्याच आठवड्यात जमा केलेलेही होते. मर्यादा पुढे दहा हजार, मग चाळीस, पन्नास हजार अशी सरकत गेली. बाहेर आले ते असे: बँकेच्या एकूण कर्जांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्कम, सुमारे साडेसहा हजार कोटी, एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होती. ती थकलेली कर्जे झाकायला २१,०४९ बनावट कर्जखाती दाखवली होती.

त्याच बँकेचा मार्च २०१९ चा अहवाल काढून पाहिला तर निव्वळ थकीत कर्जे २.१९ टक्के, भांडवल पर्याप्तता १२.६२ टक्के, नफा शंभर कोटींच्या आसपास. परीक्षेत पहिल्या वर्गात पास. मग खातेदाराने करायचे तरी काय, असे कोणीही विचारेल आणि ते रास्त आहे. आकडेच खोटे असतील तर घरात बसून ते पकडता येणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या तपासनीसांनाही आले नव्हते. पण एक गोष्ट आकड्यांत नव्हती आणि ती लपवलेलीही नव्हती. पीएमसीचे अध्यक्ष पूर्वी एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. एचडीआयएल शेअर बाजारात नोंदलेली कंपनी, तिच्या संचालकांची नावे छापील अहवालात. घेणारा आणि देणारा एकाच पंगतीत बसलेले असताना वाढपी कोणाच्या ताटात काय वाढणार, हे ओळखायला सनदी लेखापाल लागत नाही.

पुढचे हाल बहुतेकांना माहीत आहेत. जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतची रक्कम ठेव विम्यातून मिळाली, त्यापुढच्यांना दहा वर्षांपर्यंतचे हप्ते. आज आपल्याला मिळणारे पाच लाखांचे ठेव विम्याचे कवचही या गोंधळातून निघालेले. १९९३ पासून ते एक लाखावर अडकले होते, फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाले. निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचा पैसा देण्याची तरतूद २०२१ च्या दुरुस्तीने आली. त्याआधी पुण्याच्या रुपी बँकेच्या खातेदारांनी फेब्रुवारी २०१३ पासून सुमारे नऊ वर्षे काढली. १९१२ साली स्थापन झालेली ती बँक अखेर २०२२ मध्ये कायमची बंद झाली. जाता जाता एक नोंद: देशात ठेव विमा आलाच मुळी १९६० साली दोन बँका बुडाल्या म्हणून. त्यांतली एक केरळातली पलाई सेंट्रल बँक, दुसरी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक.

आणि ज्यांना वाटते की चांगल्या हेतूने स्थापन झालेली बँक चांगलीच राहते, त्यांनी न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँक आठवावी. जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ साली मुंबईतल्या कामगारांसाठी बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक म्हणून ती निघाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावर निर्बंध आले, तिजोरीतली १२२ कोटींची रोकड हडपल्याच्या आरोपावरून अटका झाल्या आणि ऑगस्टमध्ये ती सारस्वतमध्ये विलीन झाली. स्थापनेची कथा कितीही उजळ असली तरी तिच्यावर व्याज मिळत नाही.

*

सहकारी बँकेच्या रचनेतच एक गोम आहे आणि ती फार थोड्या ठेवीदारांना ठाऊक असते. नागरी सहकारी बँकेत कर्ज घ्यायचे तर भाग घ्यावे लागतात, म्हणजे कर्जदार आपोआप सभासद होतो. ठेवीदाराला तशी सक्ती नाही. तो वीस लाखांची एफडी ठेवेल, पण सभासद नसेल. मत सभासदाला, आणि एका सभासदाला एकच मत. म्हणजे बँकेत पैसा ठेवीदारांचा आणि बँक चालवायला निवडून देतात मुख्यतः कर्जदार. घरमालकाला मत नाही, भाडेकरूंची सभा घर चालवते, असा प्रकार. जगात सहकाराची कल्पना आली तेव्हा ठेवणारे आणि घेणारे तेच लोक होते. आपल्याकडे ते कधीच वेगळे झाले, नियम मात्र जुना राहिला.

अशा बँकेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला एकदा तरी जावे. मंगल कार्यालय, दाराशी अत्तर-गुलाब नाही एवढेच, बाकी थाट लग्नाचा. सहीच्या रजिस्टरपाशी रांग, कारण सही केल्यावर कूपन मिळते आणि कूपनावर भेटवस्तू. व्यासपीठावर हार-तुरे, दहावी-बारावीच्या गुणवंतांचे सत्कार, मा. अध्यक्षांचे मनोगत. मग विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त. मंजूर! विषय दोन, ताळेबंद व नफा-तोटा पत्रक. मंजूर, मंजूर! विषय सहा, थकीत कर्जांचे निर्लेखन (राइट-ऑफ). या वेळी पुढच्या दोन रांगांतला आवाज जरा जास्तच मोठा निघतो. मागे कोणी तरी उभे राहून काही विचारू पाहते, तेव्हा माइक त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर वाढपी ताटे मांडायला लागलेले असतात आणि सभागृहाचे लक्ष स्वाभाविकच तिकडे जाते. आयत्या वेळचे विषय जेवणानंतर, म्हणजे कधीच नाही.

या सभेआधी घरी येणारा अहवाल आपण थेट रद्दीत टाकतो. पहिली पंधरा-वीस पाने टाकलीत तरी हरकत नाही, ती फोटोंची असतात. मागच्या बारीक अक्षरांतल्या टिपा मात्र वाचाव्यात. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के भाग आहे, हे तिथे द्यावे लागते. हा आकडा वर्षागणिक चढत असेल तर खुर्चीत सरळ बसावे. बांधकाम क्षेत्राला किती, शेतीला किती, छोट्या उद्योगांना किती, हेही तिथेच. रिझर्व्ह बँकेने वर्षभरात दंड केला असेल तर त्याचा उल्लेख असतो, कशाबद्दल तेही. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेली कर्जे ही एक ओळ असते. २००३ पासून अशी कर्जे देण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, स्वतःच्या ठेवी किंवा विमा पॉलिसीच्या तारणावरची सोडून. त्यामुळे तिथे शून्य किंवा किरकोळ रक्कम दिसायला हवी. मग संचालकांची नावे घ्यावीत आणि गावातल्या नव्या टोलेजंग इमारतींच्या फलकांवरची नावे आठवावीत. गावात राहण्याचा हा फायदा मुंबईच्या शेअर विश्लेषकाला नाही.

पतसंस्था आणि ‘मल्टिस्टेट’ म्हणवणाऱ्या पतसंस्था यांच्याबद्दल एकच वाक्य पुरे: त्या बँका नाहीत, पाच लाखांचा ठेव विमा त्यांना लागू नाही, आणि दर्शनी भागाला काच आणि एसी असला म्हणून यात काही बदल होत नाही.

*

मग सरळ राष्ट्रीयीकृत बँक बरी, असे म्हणून मोकळे होता येते. सुरक्षिततेपुरते ते खरेही आहे. सरकार तिला बुडू देणार नाही. पण प्रश्न बुडण्यापुरता नव्हता. किमान शिल्लक ठेवता आली नाही म्हणून सार्वजनिक बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत खातेदारांकडून वसूल केलेला दंड जवळजवळ ८,५०० कोटी रुपये होता; हा आकडा सरकारनेच संसदेत दिला. स्टेट बँकेने २०२० मध्येच हा दंड बंद केला, म्हणजे ही वसुली मुख्यतः इतरांची. खात्यात दोन हजारही टिकत नाहीत असा माणूस कोण असतो, हे वेगळे सांगायला नको. त्याच्याकडून दंड घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने बड्या थकबाकीदारांची कर्जे निर्लेखित करायची. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली पुढे चालू राहते, हे मला मान्य आहे. बँकवाल्यांनी समजावलेही आहे. तरी अडीचशे रुपयांचा दंड आपोआप कापला जातो आणि अडीचशे कोटींची वसुली ‘प्रक्रियाधीन’ असते, हा फरक समजावून सांगणारा अजून भेटलेला नाही. २०२५ मध्ये कॅनरा बँकेपासून सुरुवात होऊन अनेक सरकारी बँकांनी हा दंड सोडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरी शाखांतल्या नव्या खात्यांसाठी किमान शिल्लक ५०,००० केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांत १५,००० वर आणली. ओरडण्याचा उपयोग होतो, एवढे यातून कळले.

दुसरी कसोटी टेबलापलीकडून होणाऱ्या विक्रीची. एफडीची मुदत संपली म्हणून गेलेले आजोबा विम्याची पॉलिसी घेऊन परततात. ‘काका, एफडीसारखेच आहे, फक्त पाच वर्षे भरायचे’, असे सांगणारा तो मुलगाही वाईट नसतो, त्याच्या डोक्यावर टार्गेट असते. लॉकर हवा तर पॉलिसी घ्या, कर्ज हवे तर पॉलिसी घ्या. कधी कधी तर खात्यातून ४३६ किंवा २० रुपये कापले गेल्यावर कळते की आपला सरकारी विमा निघाला आहे. पॉलिसी हाती पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे शाखेत कोणी सांगत नाही. बँकेने तीस दिवसांत तक्रारीचे निवारण केले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हेही भिंतीवर लिहिलेले असते, बहुधा कॅलेंडरच्या मागे.

तिसरी गोष्ट पैसा कुठल्या दिशेला वाहतो त्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गात चाकरमान्यांचे पैसे येतात, ठेवी साठतात, पण तिथल्या काजू प्रक्रियेला किंवा मच्छीमाराला त्या प्रमाणात कर्ज मिळत नाही. गावचा पैसा गावाबाहेर जातो. जिल्ह्याजिल्ह्याचे कर्ज-ठेव प्रमाण राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या कागदपत्रांत असते आणि या समितीची निमंत्रक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. ते कागद फारसे कोणी मागत नाही.

*

परदेशात काय करतात, असे विचारले जाईल. नेदरलँड्समधली ट्रायोडॉस ही बँक १९८० पासून चालू आहे. ती ज्या संस्थांना कर्ज देते त्यांची नावे प्रसिद्ध करते, आपल्या पैशाने कुठली पवनचक्की उभी राहिली ते खातेदार पाहू शकतो. जर्मनीत बोखुमची जीएलएस १९७४ पासून आहे, इटलीत पाडोव्हाची बांका एतिका १९९९ पासून. त्यांच्या गोष्टी ऐकायला छान आहेत, पण मला त्यांपेक्षा इंग्लंडच्या को-ऑपरेटिव्ह बँकेची जास्त उपयोगी वाटते. तिने १९९२ साली खातेदारांना विचारून नैतिक धोरण ठरवले: शस्त्रास्त्रांच्या व्यापाराला, जुलमी राजवटींना कर्ज नाही. लोकांनी भरभरून खाती उघडली. २०१३ मध्ये तिच्या ताळेबंदात दीड अब्ज पौंडांचे भगदाड निघाले. कारण कुठलाही अनैतिक कर्जदार नव्हता. एका गृहकर्ज संस्थेला नीट न तपासता सामावून घेतले होते आणि तिची व्यापारी कर्जे गळ्यात आली. मालकी अमेरिकन हेज फंडांकडे गेली. खातेदारांनी संघटना काढून तगादा लावला म्हणून ते धोरण टिकले. २०२५ च्या सुरुवातीला ती कोव्हेंट्री बिल्डिंग सोसायटीने घेतली, म्हणजे पुन्हा सभासदांच्या मालकीच्या संस्थेकडे आली. चांगले धोरण आणि चांगला हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली की दुसरी येतेच असे नाही.

आपल्याकडे कर्जदारांची नावे मागितली तर गोपनीयता आडवी येते. स्टेट बँकेच्या कायद्यातच तसे कलम आहे. गुजरातमधल्या एका सहकारी बँकेची माहिती माहिती अधिकारात मागणारे जयंतीलाल मिस्त्री यांच्या प्रकरणात, डिसेंबर २०१५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेला बजावले की तपासणी अहवाल दडवता येणार नाहीत, तुमची बांधिलकी जनतेशी आहे, बँकांशी नाही. त्यानंतर बँका पुन्हा न्यायालयात गेल्या आणि तो झगडा लांबला. ‘हरित ठेव’ नावाची सोय रिझर्व्ह बँकेने जून २०२३ पासून आणली. त्या ठेवीचा पैसा सौरऊर्जा, जलव्यवस्थापन अशा कामांतच लावायचा आणि त्रयस्थाकडून तपासून घ्यायचा, असा नियम आहे. सुरुवात म्हणून ठीक. पण बँकेच्या एका खिशात हिरवी ठेव आणि दुसऱ्यात कोळशाची खाण असेल, तर ठेवीदाराने कोणत्या खिशाकडे बघून समाधान मानायचे?

*

सातारा जिल्ह्यातले म्हसवड, माण तालुका, कायमचा दुष्काळी पट्टा. नव्वदच्या दशकात तिथे रस्त्यावर पाल टाकून राहणारी एक लोहार बाई कार्यकर्त्या चेतना गाला-सिन्हा यांच्याकडे आली. तिला कर्ज नको होते. पावसाळ्यात पालावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी रोज थोडे पैसे साठवायचे होते. बँक म्हणाली, एवढ्या छोट्या रकमेचे खाते आम्ही काढत नाही. चेतनाताईंनी बायकांचीच बँक काढायचे ठरवले. रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण प्रवर्तक बायकांचे अंगठे होते, सह्या नव्हत्या. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि मग अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, कुठल्याही रकमेचे व्याज तोंडी विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँकेला परवाना मिळाला. त्याआधी, १९७४ मध्ये, अहमदाबादेत इला भट्ट यांच्या ‘सेवा’ या संघटनेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये भाग भांडवल घालून अशीच बँक उभी केली होती. सही येत नाही म्हणून त्यांनी पासबुकावर खातेदारणीचा फोटो लावला, हातात खाते क्रमांकाची पाटी धरलेला.

माणदेशीमध्ये बायकांना बँकेत यायला वेळ नाही म्हटल्यावर बँक बाजारात गेली, दारात गेली. खातेदार काय करते, तिचा बाजार कुठल्या वारी, तिच्या हातात पैसा कधी असतो आणि नवरा तो कधी काढून घेतो, एवढे माहीत असलेली बँक. सुरुवातीच्या सहकारी बँकांत जी ओळख तारण म्हणून चालत होती ती इथे आहे, आणि पैसे ठेवणारी व घेणारी बाई बहुतेकदा एकच असल्यामुळे मघाची ती गोमही इथे नाही. अशी बँक प्रत्येक गावात नाही, हेही खरे. पुण्या-मुंबईच्या नोकरदाराला म्हसवडला खाते काढण्यात काही अर्थही नाही.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. पगार आणि रोजचे व्यवहार सरकारी बँकेत; तिच्या धोरणांशी माझे पटत नाही, पण ती संसदेला आणि माहिती अधिकाराला बांधलेली आहे, खासगी बँक नाही. घरकाम करणाऱ्या मावशींचे खाते काढायला गेलो तेव्हा मूलभूत बचत खाते मागितले, शून्य शिल्लक, एटीएम कार्ड फुकट. मागितल्याशिवाय ते कोणी दाखवत नाही. एक ठेव गावच्या नागरी बँकेत, व्याज धरून पाच लाखांच्या आत राहील अशी, कारण विमा मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून पाच लाखांचा असतो आणि त्या बँकेतल्या सगळ्या शाखांची खाती त्यात एकत्र धरतात. त्या बँकेचा मी भाग घेऊन सभासद झालो. काउंटरवर आधी विचारले गेले, ‘कर्ज घ्यायचेय का?’ नाही म्हटल्यावर, ‘मग भाग कशाला?’ फॉर्म मिळायला दोन खेपा पडल्या.

सभेत उठून बोलणे सगळ्यांना जमत नाही. पोटनियमांत दिलेल्या मुदतीत प्रश्न लेखी पाठवला की तो नोंदीवर येतो आणि उत्तर देणे टाळणे अवघड जाते. विचारण्यासारखे पुष्कळ आहे. पहिल्या वीस कर्जदारांकडे किती टक्के? निर्लेखित केलेल्या कर्जांपैकी गेल्या वर्षी किती वसूल झाली? दंड झाला तो कशाबद्दल? ठेवीदारांना सभासद करून घ्यायची मोहीम बँक का काढत नाही? वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे हे त्यानंतर वाचत असाल तर यंदाच्या सभा उरकलेल्या असतील, भेटवस्तूही वाटून झाल्या असतील. अहवालाच्या प्रती मात्र शाखेत शिल्लक असतात. मॅनेजरच्या मागच्या कपाटात, खालच्या खणात. मागितल्या तर मिळतात.